क्षमेआधीची पाने : कॅनडाच्या निवासी शाळांवरील तीन बालपुस्तके

नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील एक आजी आपल्या नातीला घेऊन मला भेटायला आल्या. त्यांचा मुलगा आणि सून गेली कित्येक वर्षे कॅनडातील ओंटॅरिओ प्रांतात राहतात; नात तिथल्याच एका कॅथलिक शाळेत पाचवीत शिकते. आजींच्या हातातील पिशवीत तीन इंग्रजी पुस्तके होती. ती टेबलावर ठेवीत त्या म्हणाल्या, "फादर, ही पुस्तकं पोरीला शाळेनं वाचायला दिलीत. यात आपल्या सिस्टरांची नालस्ती आहे असं सून सांगते. कॅथलिक शाळेत असलं शिकवायचं? तुम्ही वाचा आणि मला सांगा, हिनं ही वाचावीत की नाही."

नात खुर्चीच्या कडेवर बसून पाय हलवीत होती. आजी थांबल्यावर ती म्हणाली, "पण फादर, मी तिन्ही वाचली आहेत. त्यांत सॉरी कोणीच म्हणत नाही. का?"

आजींच्या अस्वस्थतेला मी हसू शकलो नाही. वसईच्या आमच्या पिढीने बाराखडी धर्मभगिनींच्याच बोटाला धरून गिरवली आहे. तापाने फणफणलेल्या मुलाला कडेवर घेऊन दवाखान्यात नेणारी सिस्टर आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. पण नातीचा प्रश्नही मनातून जाईना. आजींचा प्रश्न वाचनाच्या परवानगीचा होता. नातीचा प्रश्न साहित्याचा होता, आणि तितकाच श्रद्धेचा. ती पुस्तके मी दोनदा वाचली. हा लेख म्हणजे त्या दोघींना दिलेले उत्तर आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सरकारने मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळांची व्यवस्था उभारली. पैसा आणि कायदा सरकारचा. चालविणारे हात ख्रिस्ती मंडळ्यांचे. त्यांपैकी निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिक धर्मसंघ आणि धर्मप्रांत चालवीत. १९२० साली कायद्यात दुरुस्ती होऊन मुलांना शाळेत पाठविण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मुलाला आईबापांपासून, भाषेपासून आणि चालीरीतींपासून तोडल्याशिवाय त्याला 'सुधारता' येणार नाही, हे या व्यवस्थेचे उघड तत्त्व होते. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. डॉ. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने १९०७ सालीच शाळांतील क्षयरोगाविषयी आणि मुलांच्या मृत्यूंविषयी इशारा दिला होता. तो दुर्लक्षिला गेला. पुढे सत्य आणि समेट आयोगाने २०१५ पर्यंत तीन हजारांहून अधिक बालमृत्यूंची नोंद केली, आणि नंतरच्या शोधात ही संख्या चार हजारांपलीकडे गेली.

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना कॅनडा आमच्यासमोर आला होता, तो सतराव्या शतकातील येशूसंघीय हुतात्म्यांच्या रूपाने. १९३० साली संतपदाला पोहोचलेल्या त्या धर्मगुरूंविषयी आम्ही आदराने टिपणे काढली. त्यांच्यापैकी संत चार्ल्स गार्निए यांचे नाव पुढे ओंटॅरिओतील एका निवासी शाळेला दिले गेले, हे मात्र त्या टिपणांत नव्हते. अशा शाळांपैकी शेवटची शाळा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाली. म्हणजे मी सेमिनरीत बाकावर बसून टिपणे काढीत होतो, तेव्हा तो इतिहास अजून संपलाही नव्हता.

आता पुस्तकांकडे वळू.

पहिले पुस्तक सर्वांत धाकट्या वाचकांसाठी आहे. 'व्हेन वुई वेअर अलोन', म्हणजे 'आम्ही एकटे असताना'. लेखक डेव्हिड ए. रॉबर्टसन, चित्रे ज्युली फ्लेट यांची. २०१६ साली निघालेल्या या पुस्तकाला २०१७ चा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. क्री जमातीची एक आजी बागेत काम करीत आहे आणि नात प्रश्न विचारीत आहे. आजी, तू इतके रंगीबेरंगी कपडे का घालतेस? केस इतके लांब का ठेवतेस? क्री भाषेत का बोलतेस? तुझ्या भावासोबत इतका वेळ का घालवतेस? प्रत्येक उत्तर दूरच्या एका शाळेकडे जाते. तिथे सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे होते, केस कापले जात, भाषेला बंदी होती आणि भावंडांना वेगळे ठेवले जाई. पण मुले एकटी असताना झाडांची रंगीत पाने अंगावर पसरून घेत, कापलेल्या केसांत लांब गवत गुंफीत, शेतात जाऊन क्रीमध्ये कुजबुजत आणि भावंडांचे हात गुपचूप धरीत.

या पुस्तकाची रचना आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखी आहे. एकच पद पुन्हा येते आणि दरवेळी नवा दाणा पडतो. दुःखाची वर्णने इथे नाहीत. काय हिरावले गेले हे मुलाला कळते ते आजीच्या आजच्या आनंदावरून. सहा वर्षांच्या मुलाला याहून योग्य मार्गाने हा विषय सांगता येईल असे मला वाटत नाही. तरीही एक उणीव मला जाणवली. हिरावून घेणारे कोण, हे पुस्तकात उमटत नाही. त्यांना चेहरा नाही, वेष नाही, गळ्यात क्रूस नाही. लहान वयासाठी हा संयम उचितच आहे. पण कॅथलिक घरात हे पुस्तक वाचताना त्या चेहरा नसलेल्या माणसांच्या आड आपल्याला सोयीस्करपणे लपता येते. म्हणून या पुस्तकाने सुरुवात करावी, मात्र तिथेच थांबू नये.

दुसऱ्या पुस्तकाचे नाव 'आय ॲम नॉट अ नंबर', 'मी म्हणजे क्रमांक नव्हे'. जेनी के ड्युपुई आणि कॅथी केसर या दोघींनी ते लिहिले असून चित्रे जिलियन न्यूलँड यांची आहेत. प्रकाशनवर्ष २०१६. ही ड्युपुई यांच्या आजीची, आयरीन कूची हिची हकीकत आहे. निपिसिंग येथील ही आठ वर्षांची मुलगी १९२८ साली भावांसह स्पॅनिश नावाच्या गावातील निवासी शाळेत नेली गेली. तिथे मुलींची शाळा धर्मभगिनी चालवीत आणि मुलांची येशूसंघीय धर्मगुरू. पुढे गार्निए यांचे नाव लाभले ते याच गावातील मुलांच्या शाळेला. आयरीनला तिथे नाव उरत नाही. ती होते क्रमांक ७५९. मातृभाषेतील शब्द तोंडून निघाला म्हणून धर्मभगिनीकडून तिला भाजण्याची शिक्षा होते. सुट्टीत ती घरी येते, बापाला सगळे सांगते. सुट्टी संपून सरकारी एजंट पुन्हा दारात उभा राहतो, तेव्हा बाप मुलांना लपवून ठेवतो आणि त्यांना द्यायला नकार देतो.

वाङ्मयीन दृष्टीने हे पुस्तक मला तिन्हींत दुबळे वाटले. धर्मभगिनीचे पात्र एकाच रंगाने रंगवले आहे. आयरीनच्या तोंडी कधीकधी आठ वर्षांच्या मुलीऐवजी शिक्षिकेची वाक्ये येतात. वर्गात चर्चेला मुद्दे मिळावेत ही गरज लेखनावर स्वार झालेली दिसते. तथापि एका गोष्टीत हे पुस्तक इतर दोहोंच्या पुढे आहे. एजंट दारात येऊन मुले दिली नाहीत तर दंड किंवा तुरुंग अशी धमकी देतो, त्या प्रसंगात सिस्टरच्या हातातील सत्ता कुठून आली हे मुलाला दिसते. आईबापांनी मुले आपखुशीने पाठवली नव्हती, त्यांच्या पाठीशी कायद्याचा बडगा होता. आपल्याकडे या विषयावर बोलताना "त्यांच्या भल्यासाठीच शाळा काढल्या होत्या" असे वाक्य हमखास ऐकू येते. त्या वाक्याला बापाचा तो नकार पुरेसे उत्तर आहे.

आयरीनचे पान वाचताना मला माझी प्राथमिक शाळा आठवली. वर्गात आमच्या तोंडून कादोडी शब्द निघाला की मुले हसत आणि गुरुजी "शुद्ध बोल" म्हणून दटावीत. कान तापत, मान खाली जाई. पण संध्याकाळी घरी आलो की आई त्याच बोलीत जेवायला हाक मारी. तो उंबरठा आम्हाला रोज ओलांडता येत होता. आयरीनला तो वर्षभर दिसतही नव्हता. म्हणून माझ्या आठवणीची तिच्या दुःखाशी तुलना मी करणार नाही. तिचे पान समजायला तिने मदत केली, एवढेच.

तिसरे पुस्तक माझ्या मते या साहित्यातील खरोखर मोठे पुस्तक आहे. 'फॅटी लेग्ज', म्हणजे 'जाडे पाय'. क्रिस्टी जॉर्डन-फेंटन यांनी आपल्या सासूबाई मार्गारेट पोकियाक-फेंटन यांच्यासह ते २०१० साली लिहिले; चित्रे लिझ अमिनी-होम्स यांची. मार्गारेट या उत्तर ध्रुवाजवळील इनुव्हिआलुइट जमातीच्या. त्यांचे मूळ नाव ओलेमाउन. बायका ज्या उलू नावाच्या सुरीने कातडे कापतात, तिला धार लावणारा दगड असा त्या नावाचा अर्थ.

या कथेत मुलीला कोणी ओढून नेत नाही. तिलाच शाळेत जायचे आहे. मोठी सावत्र बहीण इंग्रजी गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवीत असते आणि ही मुलगी अक्षरांसाठी आसुसलेली असते. बाप परोपरीने विरोध करतो. समुद्राच्या लाटा दगडाच्या कडा झिजवून त्याचा गोटा करतात, तसेच ती माणसे तुझे करतील, असे तो तिला समजावतो. तिचा हट्ट संपत नाही. १९४४ साली, आठव्या वर्षी, ती अक्लाविक येथील कॅथलिक शाळेत दाखल होते. वाचायला शिकण्याआधी तिच्या वाट्याला झाडलोट आणि कपडे धुणे येते. एक धर्मभगिनी तिच्यावर डूख धरते. मुलगी मनात तिला 'डोमकावळा' म्हणते. ही सिस्टर इतर मुलींना करडे मोजे देते आणि हिला तेवढे लाल. मुली पायांवरून चिडवू लागतात. शेवटी एके दिवशी ओलेमाउन ते लाल मोजे आगीत टाकते.

मोज्यांची गोष्ट, बस! कोणी मेले नाही, कोणाचे हाड मोडले नाही. तरी मुलांना अपमान म्हणजे काय हे यातून जितके कळते तितके अहवालांतून कळत नाही. लाल मोजा घातलेल्या मुलीची लाज प्रत्येक वर्गातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. लेखिकांनी इथे मोठ्यांचे शब्द मुलीच्या तोंडी घातलेले नाहीत. सूडाचा आनंद, भीती, हट्ट आणि वाचता आल्याचा अभिमान हे सारे त्या वयाच्या मापाने येते. शिक्षणाविषयीही हे पुस्तक फार खोल बोलते. ज्या मुलीला अक्षरांची भूक होती तिच्याच ताटात अपमान वाढला गेला, ही या कथेची खरी वेदना आहे.

या पुस्तकात आणखी एक धर्मभगिनी आहे. मुलगी तिला 'हंस' म्हणते. ती मायाळू आहे, मुलीची बाजू जाणते. आजी, तुमच्या ओळखीच्या सिस्टर या पुस्तकात आहेत! मात्र हंस आहे म्हणून शाळा बदलत नाही. तिच्या मायेने मुलीला धीर येतो, पण मुलीला घरापासून तोडणारी व्यवस्था तशीच चालू राहते. ओलेमाउनच्या परतीची कथा सांगणारे 'अ स्ट्रेंजर ॲट होम' हे पुढचे पुस्तक २०११ साली निघाले. त्यात दोन वर्षांनी परतलेल्या मुलीला पाहून तिची आई ही आपली मुलगी नव्हे असे म्हणते. हंस चांगली होती, तरीही आईला मुलगी ओळखता आली नाही. काही सिस्टर वाईट होत्या आणि काही चांगल्या होत्या, असे म्हणून हिशोब मिटवू पाहणाऱ्याला हे पुस्तक मिटवू देत नाही.

मोठ्या माणसांच्या जगातही हाच मुद्दा पुढे वादाचा झाला. पोप फ्रान्सिस यांनी २५ जुलै २०२२ रोजी आल्बर्टा प्रांतातील मस्क्वाचीस येथे, एका जुन्या निवासी शाळेच्या परिसरात, मूळनिवासींची जाहीर क्षमा मागितली. व्हीलचेअरमध्ये बसलेला तो वृद्ध पिता हे शब्द उच्चारण्यासाठी तिथवर गेला, याचा मला अभिमान आहे. आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती मरी सिंक्लेअर यांनी मात्र त्या क्षमायाचनेत एक उणीव दाखवली. अनेक ख्रिस्ती व्यक्तींनी केलेल्या अपराधांची क्षमा मागितली गेली, पण संस्था म्हणून ख्रिस्तसभेचा वाटा स्पष्ट झाला नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांचे म्हणणे मला प्रथम कठोर वाटले. 'फॅटी लेग्ज' वाचल्यावर ते मला नीट समजले.

आता नातीचा प्रश्न. या पुस्तकांत सॉरी कोणीच का म्हणत नाही?

समेट हा शब्द आपल्याला नवा नाही. आपण त्याला संस्कार मानतो. पहिल्या ख्रिस्तशरीर संस्काराआधी आपल्या मुलांना त्याच्या पायऱ्या पाठ असतात : आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, पापनिवेदन आणि प्रायश्चित्त. पापनिवेदन, ज्याला आपली जुनी माणसे कुमसार म्हणत, ते न करता पापक्षमा मागणाऱ्याला कोणता धर्मगुरू ती देईल? जक्कय प्रभूला भेटला तेव्हा फसवून घेतलेल्याची चौपट भरपाई करायला तयार झाला. मत्तयच्या शुभवर्तमानात वेदीवर अर्पण आणणाऱ्याला प्रभू येशू काय सांगतो तेही आठवावे. तिथे आपल्या मनात भावाविषयी राग आहे का, हा प्रश्नच नाही. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे का, हे आठवायचे आहे. ते आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचे आहे.

त्याच्याकडे जायचे म्हणजे आधी त्याचे ऐकायचे. ही तीन पुस्तके म्हणजे त्या भावाचे, त्या बहिणीचे बोलणे आहे. ती सांगत असताना मध्येच तिच्या तोंडी क्षमेचे वाक्य घालणे, किंवा शेवटच्या पानावर सिस्टर आणि मुलगी यांना गळ्यात गळा घालून उभे करणे, म्हणजे तिचे म्हणणे पूर्ण होण्याआधी तिला गप्प बसवणे. म्हणून या पुस्तकांत सॉरी नाही हा त्यांचा दोष नाही, तो त्यांचा प्रामाणिकपणा आहे. ते वाक्य लिहिण्याचा हक्क आयरीनला किंवा ओलेमाउनला नव्हताच. ते आपल्याकडून यायचे होते.

आणि ते सावकाश आले. २००६ च्या तडजोड करारानुसार कॅथलिक संस्थांनी अडीच कोटी डॉलर उभारण्याचा प्रयत्न करायचा होता. प्रत्यक्षात चाळीस लाखही जमले नाहीत. कॅनडाच्या धर्माचार्यांनी एकत्रितपणे क्षमा मागितली ती सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि त्याच महिन्यात पाच वर्षांत तीन कोटी डॉलर देण्याचे वचन दिले. प्रायश्चित्ताविना पापनिवेदन अपुरे राहते, हे आपण मुलांना शिकवतो. तोच नियम आपल्यालाही लागू आहे.

शाळांच्या बाबतीतही मला अशाच एका घाईची भीती वाटते. आयोगाने २०१५ साली ९४ आवाहने केली. त्यांतील ६२ वे आणि ६३ वे आवाहन हा इतिहास शाळांतून शिकवण्याविषयी आणि मुलांत परस्परांविषयी समज व आदर वाढवण्याविषयी आहे. ६० वे तर थेट आम्हा धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाविषयी आहे. कॅनडाच्या शाळांत ३० सप्टेंबरला मुले नारिंगी सदरे घालतात. फिलिस वेब्स्टॅड ही सहा वर्षांची मुलगी १९७३ साली आजीने दिलेला नारिंगी सदरा घालून एका कॅथलिक मिशनच्या निवासी शाळेत गेली आणि पहिल्याच दिवशी तो तिच्याकडून काढून घेतला गेला. तिच्या आठवणीतून २०१३ साली हा दिवस सुरू झाला आणि २०२१ पासून ती राष्ट्रीय सुट्टी झाली. प्रथा सुंदर आहे. पण सदरा घातला की समेट झाला असे मुलाला वाटू लागले, तर रविवारी अंगात नवे कपडे घालून आपणही जी फसवणूक कधीकधी करतो तीच तिथे होईल. मुलांवर आजोबा-पणजोबांच्या पापांचे ओझे लादू नये, ते अन्याय्य आहे. त्यांना त्या पापांतून परस्पर मोकळेही करू नये. त्यांना खरी हकीकत सांगावी आणि ती ऐकून घेण्याची सवय लावावी. त्यांच्या वयाला तेवढे पुरे.

आमच्या धर्मशिक्षण वर्गाच्या शिक्षकांना मी ही पुस्तके दाखवणार आहे. कॅनडा दूर आहे. पण आपल्या वाडीत कामाला येणाऱ्या वारली बाईच्या मुलीला शाळेत काय वाटते, ती घरी कोणती बोली बोलते, तिचे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे का, हे प्रश्न दूरचे नाहीत. कॅनडातील दुःखाशी त्यांची बरोबरी करण्याचे कारण नाही. पण दुसऱ्याच्या मुलाचे भले आपल्यालाच कळते ही समजूत कॅनडाचीच मिरास नाही.

पुस्तके परत द्यायला मी आजींच्या घरी गेलो. "वाचू दे," मी म्हणालो, "पण एकटीला नको. तुम्ही तिच्याजवळ बसा."

"मला इंग्रजी कुठं येतं, फादर?"

"तिला येतं ना. तीच तुम्हाला सांगेल."

आजींनी पदराने हात पुसले आणि ओट्यावर नातीशेजारी बसल्या. नातीने लाल मोज्यांचे पान उघडले आणि अडखळत अडखळत मराठीत सांगायला सुरुवात केली. मी निघालो तेव्हा आजी तिला मध्येच थांबवून विचारीत होत्या, "आणि तिच्या आईला हे कोणी कळवलं नाही?"